पॉवर मीटर लावल्यावर करायची कामं

पॉवर मीटर म्हणजे पाय किती वॅट काढतात ते मोजणारं सायकलवरचं यंत्र. त्यावरच्या माझ्या पहिल्या दोन वीस मिनिटांच्या टेस्टच्या (वीस मिनिटं टिकेल तेवढा पूर्ण जोर) फाइल मी अजून जपून ठेवल्या आहेत. दोन्हींत एका आठवड्याचं अंतर. रस्ता तोच, सायकल तीच. पहिलीत सरासरी २०६ वॅट, दुसरीत २१६. आठवड्याभरात पायांत दहा वॅट वाढत नाहीत. पहिल्या टेस्टला मी सुरुवातीची चार मिनिटं २५०नं गेले, पुढची सहा कशीबशी २०८नं काढली आणि उरलेली दहा १८८वर रखडत संपवली. दुसऱ्या वेळी पहिली पाच मिनिटं मुद्दाम २१०वर धरून ठेवली, मधली दहा २१६वर गेले, आणि शेवटच्या पाचात २२२ निघाले. पाय तेच होते, दमही तोच. दहा वॅटचा फरक पडला तो सुरुवातीला स्वतःला आवरल्यामुळे.

पॉवर मीटर घेतला की आता आणखी जोर काढता येईल असं बहुतेकांना वाटतं. मी सात वर्षं शर्यती करते आहे आणि चार वर्षांपासून क्लबातल्या ज्युनियर मुलामुलींचा सराव आखते आहे. मला हे यंत्र सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हात राखून ठेवायला. सुरुवातीला किती थांबायचं, सोप्या दिवशी खरोखर किती सोपं जायचं, सराव कुठे बंद करायचा. पुढे जे सांगते आहे ते याच अंगानं वाचा.

मीटर मोजतो काय

पेडलवर जोर पडला की क्रँकचा (पेडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याचा) किंवा पेडलच्या स्पिंडलचा (आतल्या अक्षाचा) धातू डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कळतो. टॉर्कला फिरण्याच्या वेगानं गुणलं की वॅट मिळतात. जर्मनीतल्या उलरिख शोबेरर यांनी १९८६च्या सुमारास क्रँकमध्ये असे गेज बसवून एसआरएम मीटर बनवला. आजचे बहुतेक मीटर मुळात तेच काम करतात.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघते. वॅट हा गुणाकार आहे. ९०च्या केडन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्यांना, २०५ वॅट काढायला सुमारे २२ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ६०च्या केडन्सला तेवढ्याच वॅटसाठी जवळपास ३३. स्क्रीनवर आकडा एकच, पण मांड्यांवरचा भार दीडपट. म्हणून वॅटच्या शेजारी केडन्स दिसलाच पाहिजे.

मीटर पेडलमध्ये असतो, क्रँकच्या मधल्या स्पायडरमध्ये असतो, मागच्या हबमध्ये असतो किंवा फक्त डाव्या क्रँकला चिकटवलेला असतो. डाव्या बाजूचा मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून दाखवतो. तुमचे पाय ४८-५२ असे वाटले गेले असतील तर खऱ्या २५० वॅटला तो २४० दाखवेल. दमल्यावर ही वाटणी बदलते, त्यामुळे चूकही बदलते. तरीही सरावासाठी डाव्या बाजूचा मीटर पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन सायकली असतील तर पेडलवाला घ्या, म्हणजे या सायकलवरून त्या सायकलवर पाच मिनिटांत जातो. मात्र पेडल बसवल्यावर नीट घट्ट करा, दोन-तीन जोरदार स्प्रिंट मारून त्यांना जागेवर बसू द्या आणि मगच शून्य करा.

शून्य करणं आणि वजन टांगणं

शून्य करणं, म्हणजे झिरो ऑफसेट, हे दर राइडच्या आधीचं काम. सायकल बाहेर काढा आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच उभी राहू द्या. घरातल्या आणि बाहेरच्या तापमानात फरक असला की धातू जुळवून घ्यायला वेळ घेतो. मग पेडलवर पाय न ठेवता, तुमच्या मीटरच्या सूचनेत सांगितलेल्या स्थितीत क्रँक ठेवून कॅलिब्रेट करा. जो आकडा येतो तो बघून सोडू नका, लक्षात ठेवा. रोज थोडाफार हलणारा आकडा एके दिवशी एकदम लांब उडाला तर काहीतरी सैल झालंय, बॅटरी संपत आलीय किंवा मीटरवर मार बसलाय.

आता माझ्यासोबत घडलेली गोष्ट सांगते, कारण ती कोणाच्याही बाबतीत घडू शकते. गुडघ्याच्या त्रासामुळे मी १७० मिलिमीटरचे क्रँक काढून १६५चे बसवले. पेडल मीटर तेच राहिले. सहा आठवड्यांनी टेस्ट केली आणि २२३ आले. आधीच्या २१६ वरून सात वॅटची वाढ! त्या सहा आठवड्यांत मी नवीन प्रकारचे इंटरव्हल (ठरावीक वेळ जोर, मध्ये आराम) केले होते. ते लागू पडले असं मानून आणखी दोन महिने मी तेच करत राहिले.

मग एकदा घरातल्या स्मार्ट ट्रेनरवर (सायकल जोडून जागेवरच चालवायचं, वॅटही दाखवणारं यंत्र) बसले तेव्हा पेडल आणि ट्रेनर यांच्या आकड्यांतली तफावत नेहमीपेक्षा जास्त वाटली. म्हणून वजन टांगून पाहायचं ठरवलं. सायकल भिंतीला टेकवली, मागचा ब्रेक पट्ट्यानं आवळून चाक जाम केलं, क्रँक लेव्हल लावून बरोबर आडवा केला. २० किलोचं वजन आधी काट्यावर तपासून घेतलं आणि पट्ट्यानं पेडलच्या मधोमध टांगलं. ते झुलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली. हिशोब सरळ आहे: २० गुणिले ९.८१ गुणिले ०.१६५, म्हणजे ३२.४ न्यूटन-मीटर. स्क्रीनवर होते ३३.४.

कारण कळायला पाच सेकंद लागले. सेटिंगमध्ये क्रँकची लांबी अजून १७० होती. मीटर जोराला लांबीनं गुणतो, त्यामुळे प्रत्येक आकडा तीन टक्के फुगलेला. २२३ मधून तीन टक्के काढले की उरतात २१६. सहा आठवड्यांत मी तसूभरही पुढे गेले नव्हते.

यात माझा सराव बिघडला नाही, कारण टेस्टही त्याच मीटरवर झाली होती आणि इंटरव्हलही त्याच मापानं चालले होते. चुकलं ते अनुमान. जो सराव लागू पडत नव्हता तो लागू पडतोय असं समजून मी दोन महिने घालवले. म्हणून मी मुलांना सांगते: क्रँक, पेडल, बॅटरी, सॉफ्टवेअर, काहीही बदललं की आधी वजन टांगा, मग जुन्या आकड्यांशी तुलना करा. ज्या मीटरचं ॲप टॉर्क दाखवत नाही, त्याच्यासाठी त्याच ट्रेनरवर त्याच गिअरला दोन्ही आकडे जुळवून पाहणं एवढं तरी करा.

आणखी एक सेटिंग. सायकल कॉम्प्युटरवर पॉवरच्या सरासरीत शून्यं (पेडल न मारलेले क्षण) धरा आणि केडन्सच्या सरासरीत धरू नका. स्क्रीनवर क्षणाक्षणाचा आकडा ठेवू नका, तो सतत नाचतो. तीन सेकंदांची सरासरी बघा आणि तिच्याशेजारी लॅपची सरासरी ठेवा.

टेस्ट

एफटीपी (फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर) म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त पॉवर. व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी ही कल्पना आणि तिच्यावर बेतलेले झोन, म्हणजे जोराचे टप्पे, रूढ केले. तासभर जीव काढायची सहसा कोणाची तयारी नसते, म्हणून वीस मिनिटांची टेस्ट करून तिचे ९५ टक्के धरायचे. माझ्या २१६चे झाले २०५. माझं वजन तेव्हा ५७ किलो होतं, म्हणजे किलोमागे ३.६ वॅट.

टेस्टच्या आधीचा भाग पुष्कळ जण गाळतात. वीस मिनिटं वॉर्म-अप, मग पाच मिनिटं जीव तोडून, मग दहा मिनिटं अगदी हलकं, आणि त्यानंतर वीस मिनिटं. मधली ती पाच मिनिटं पायांतली थोड्या वेळाची ताकद आधीच खर्च करून टाकतात. ती गाळली तर वीस मिनिटांचा आकडा फुगतो आणि ९५ टक्क्यांचा हिशोब लागू पडत नाही. ज्यांची स्प्रिंट जबरदस्त आहे त्यांचा तर जास्तच फुगतो.

पहिली पाच मिनिटं तुम्हाला वाटतं त्याच्या खाली राहा. तेव्हा पाय काहीच सांगत नाहीत, आणि हृदयाचे ठोके दोन-तीन मिनिटं मागून येतात. त्या वेळात खरं बोलणारा एकच असतो, तो म्हणजे मीटर. त्याचं ऐका. दहाव्या मिनिटाला ‘हे जमेल की नाही’ असं वाटलं पाहिजे. तिसऱ्यालाच तसं वाटलं तर सुरुवात चुकली.

रॅम्प टेस्टही चालते: दर मिनिटाला भार वाढवत जायचं आणि शेवटच्या जमलेल्या मिनिटाचे ७५ टक्के धरायचे. तिच्यात स्वतःला राखायची गरज पडत नाही, म्हणून नवख्यांना सोपी. पण मला तीच गोष्ट खटकते. राखायला शिकवणारी टेस्ट सोडून न शिकवणारी कशाला घ्यायची?

मला स्वतःला तिसरा मार्ग सगळ्यात आवडतो, क्रिटिकल पॉवरचा. मोनो आणि शेरर यांनी १९६५मध्ये स्नायूंच्या कामासाठी मांडलेला हा हिशोब शर्यतीला फार जवळचा आहे. ताजे पाय असताना एकदा तीन मिनिटं आणि एकदा बारा मिनिटं पूर्ण जोर लावायचा. माझे तीन मिनिटांचे २८५ वॅट, बारा मिनिटांचे २२८. वॅटला सेकंदांनी गुणलं की ज्यूल मिळतात: ५१,३०० आणि १,६४,१६०. दोन्हींतला फरक १,१२,८६०. त्याला वेळेतल्या फरकानं, म्हणजे ५४० सेकंदांनी भागलं की २०९ वॅट. ही झाली क्रिटिकल पॉवर. आता २०९ गुणिले १८० हे ५१,३०० मधून वजा करा. उरतात १३,६८० ज्यूल, म्हणजे सुमारे १३.७ किलोज्यूल. क्रिटिकल पॉवरच्या वर खर्च करायला ही तुमची शिल्लक.

ही शिल्लक कळली की शर्यतीतला निर्णय बदलतो. मी २०९च्या वर शंभर वॅट, म्हणजे ३०९नं हल्ला केला तर सुमारे दोन मिनिटं सतरा सेकंद टिकेन. पन्नास वॅट वर गेले तर साडेचार मिनिटं. २०९च्या खाली आले की ती हळूहळू भरून येते. शेवटच्या चढाला तीन मिनिटं लागणार असतील, तर पायथ्यालाच ३०९नं उडी मारायची नाही, हे मला आदल्या रात्रीच माहीत असतं.

रोजचा सराव

कॉगन यांचे झोन एफटीपीच्या टक्क्यांत असतात. ५५च्या खाली रिकव्हरी, ५६ ते ७५ एन्ड्युरन्स, ७६ ते ९० टेम्पो, ९१ ते १०५ थ्रेशोल्ड, १०६ ते १२० व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरतं तो जोर), १२१ ते १५० अ‍ॅनेरोबिक (ऑक्सिजन पुरत नाही इतका जोर), आणि त्याच्या वर निव्वळ स्प्रिंट. माझ्या २०५ला एन्ड्युरन्स ११५ ते १५४ वॅट येतं.

सगळ्यात जास्त चुका या एन्ड्युरन्समध्ये होतात. मुलं १४०नं निघतात, कोणीतरी ओव्हरटेक करतं, चढ येतो, आणि दोन तासांत पंचवीस मिनिटं टेम्पोच्या वर निघून जातात. मग मंगळवारचे इंटरव्हल जड जातात आणि दोष मंगळवारला दिला जातो. चढावर गिअर उतरवा, केडन्स घसरला तरी चालेल, पण वरची मर्यादा पाळा. शंभर वॅटचा फरक घेऊन कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. पहिला महिना हे फार लागतं मनाला. मलाही लागलं होतं.

त्याच राइडमध्ये पाया पक्का होतोय का, हेही कळतं. दोन तास १४० वॅटवर जा आणि फाइलचे दोन भाग करा. माझ्या एका राइडला पहिल्या तासात ठोके १३२ होते, दुसऱ्यात १४१. वॅट आणि ठोक्यांचं गुणोत्तर सहा टक्क्यांहून जास्त घसरलं होतं. पाच टक्क्यांच्या आत आलं की मी लांबी वाढवते, तोवर वाढवत नाही. मात्र उन्हात ठोके तसेही चढतात, पाणी कमी पडलं तरी चढतात, म्हणून सारख्या हवेतल्याच राइडची तुलना करायची.

इंटरव्हलचे दिवस आठवड्यात दोन, फार तर तीन. थ्रेशोल्डसाठी मी १२ मिनिटांचे तीन देते, एफटीपीच्या ९५ ते १०० टक्क्यांवर, मध्ये पाच मिनिटं हलकं. व्हीओटू मॅक्ससाठी चार मिनिटांचे पाच, ११० ते ११५ टक्क्यांवर, मध्ये तेवढाच आराम. यात पहिला इंटरव्हल सोपा वाटायलाच हवा. सगळे पाच एकसारखे आले तर सराव झाला. पहिला २५० आणि पाचवा २१० आला तर पहिल्यालाच संपला. एखादा इंटरव्हल ठरलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्के खाली गेला आणि पुढचाही तसाच जायला लागला, की मी मुलांना घरी पाठवते. त्या दिवशी आणखी काही मिळणार नसतं.

घरात ट्रेनरवर तेच वॅट जड वाटतात, कारण वारा नसतो आणि शरीर तापतं. मोठा पंखा लावा. तरी कमी आले तर घरातली एफटीपी वेगळी धरा, त्यात काही बिघडत नाही.

राइडनंतर सॉफ्टवेअर तीन आकडे दाखवतं. नॉर्मलाइज्ड पॉवर काढताना तीस सेकंदांच्या फिरत्या सरासरीचा चौथा घात घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिचं चौथं मूळ घेतात. त्यामुळे जोराचे झटके जास्त मोजले जातात. तिला एफटीपीनं भागलं की इंटेन्सिटी फॅक्टर. टीएसएस (ट्रेनिंग स्ट्रेस स्कोअर) म्हणजे एकूण भार. एफटीपीवर एक तास म्हणजे १००. याच्या ४२ दिवसांच्या सरासरीला फिटनेस आणि सात दिवसांच्या सरासरीला थकवा म्हणतात. गोल्डन चीता हे मोफत सॉफ्टवेअर असले सगळे आलेख काढून देतं. आलेख बघा, पण तो चढवण्यासाठी सायकल चालवू नका. आठवड्याला पाच-सहानं चढला तरी पुष्कळ झालं.

किलोज्यूलकडे मात्र नक्की बघा. १४० वॅटवर दोन तास म्हणजे सुमारे १,००८ किलोज्यूल, आणि शरीराची कार्यक्षमता धरली तर जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी खर्च झालेल्या असतात. तेवढं पोटात गेलंच पाहिजे. किलोमागे वॅट वाढवायला वजन उतरवायचा मोह मुलींना फार होतो. मी एका गुणी मुलीला त्यापायी अख्खा मोसम गमावताना पाहिलं आहे: आधी पाळी बंद झाली, मग वॅट घसरले, मग पायाच्या हाडाला बारीक तडा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४मध्ये खर्चाच्या मानानं खाणं कमी पडण्याच्या या अवस्थेला रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट असं नाव दिलं. किलोमागचा आकडा वाढवायचा असेल तर भागाकारातला वरचा, म्हणजे वॅट, वाढवा.

शर्यतीत

टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत, मीटरसमोर मान तुकवायची. सुरुवातीच्या मिनिटाला पाय ३०० वॅट सहज देतात. ते घ्यायचे नाहीत. चढावर आणि समोरच्या वाऱ्यात ठरलेल्या आकड्यापेक्षा थोडं वर जा, उतारावर आणि पाठीमागच्या वाऱ्यात थोडं खाली या. कारण असं की हवेला कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनानं वाढते. आधीच वेगात असताना घातलेले वीस वॅट फारच थोडे सेकंद वाचवतात. हळू चालत असताना घातलेले जास्त वाचवतात.

रोड रेस आणि क्रिटेरियममध्ये (छोट्या रिंगणात अनेक फेऱ्यांची शर्यत) स्क्रीनकडे बघत बसलात तर पुढच्या स्वाराचं चाक हातातून सुटेल. तिथे मीटरचा उपयोग शर्यत संपल्यावर. एका क्रिटेरियममध्ये मी शेवटच्या पाच फेऱ्यांत गळले. सरासरी फक्त १५८ वॅट, तरी पाय संपले होते. फाइल उघडली तर नॉर्मलाइज्ड १९६. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना ४८०पर्यंत उसळी, फेरीमागे चार वळणं, प्रत्येक फेरीला तसंच. मी घोळक्याच्या शेपटाला होते. पुढचे वळणात थोडेसे मंदावतात, मागचे जवळपास थांबतात, आणि मग ते अंतर भरायला मागच्यांना पळावं लागतं.

पुढच्या शर्यतीच्या आधी मी एकही जास्तीचा इंटरव्हल केला नाही. पहिल्या दहात राहायचं एवढंच ठरवलं. सरासरी १६० आली, जवळपास तीच. वळणानंतरच्या उसळ्या ३५०च्या आसपास राहिल्या आणि शेवटच्या फेरीला पायांत स्प्रिंट शिल्लक होती.

फाइल उघडण्याआधी मी वहीत एक आकडा लिहिते: आज किती जड गेलं, एक ते दहात. मुलांनाही लिहायला लावते. वॅट बघितल्यावर लिहिलं तर मन त्या वॅटकडे झुकतं. तीन आठवडे लिहिलं की दोन्ही रकाने शेजारी ठेवता येतात. वॅट तेच आणि वहीतला आकडा पाचाचा सात होत चालला असेल, तर मी पुढच्या मंगळवारचे इंटरव्हल खोडते आणि तिथे तासभर हलकी राइड लिहिते, १२० वॅटच्या वर जायचं नाही अशी सूचना देऊन.